गुरुवारी लाईट जाते

आमचं चर्च गुरुवारी भरतं. बाहेरगावच्या नातेवाइकांना हे सांगितलं की ते आधी हसतात, आणि मग आम्ही एखाद्या भलत्याच पंथात तर गेलो नाही ना, अशा नजरेने बघतात. कारण अगदी साधं आहे. चाकणच्या पट्ट्यात बहुतेक कंपन्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. रविवारी आमची निम्मी मंडळी मशीनवर उभी असते, आणि मी स्वतः डिस्पॅचला बसून ट्रकची कागदपत्रं करत असते. तेव्हा पाळकसाहेबांनी फार पूर्वीच निकाल दिला की परमेश्वराला सगळे वार सारखे, आणि उपासना गुरुवारी सुरू झाली.

एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नव्हती. कंपन्या गुरुवारी बंद असतात म्हणून वीजवालेही दुरुस्तीची कामं गुरुवारीच काढतात. म्हणजे अख्ख्या आठवड्यात ज्या सकाळी लाईट जायची जवळजवळ खात्री असते, नेमकी तीच सकाळ आम्ही प्रभूसाठी राखून ठेवली. पेटी आणि तबला होता तोवर हे कोणाला खटकलं नाही. मग गिटारी आल्या.

आमचा हॉल कुरुळीत, टायरच्या दुकानाच्या वर. इमारतीचे मालक गावातल्या जुन्या शेतकरी घरातले. स्वतः भजनी मंडळात पखवाज वाजवतात आणि आमच्यावर त्यांचा लोभ आहे, कारण आम्ही दारू पिऊन जिन्यात बसत नाही. गिटारी आल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी मला खालच्या पायरीवर गाठलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "ताई, तुमच्या देवाला कमी ऐकू येतं का?" मी नाही म्हणाले. "मग एवढं मोठ्यानं कशापायी?" ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. उत्तर माझ्या नवऱ्याकडे होतं, आणि ते फार लांबलचक होतं.

नवरा गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे आणि चर्चमध्ये वर्शिप लीडर. पुढे उभा राहून तो इलेक्ट्रिक गिटार वाजवतो आणि गातो. त्याचा ड्रमर दुसऱ्या एका कंपनीत मेंटेनन्सला, बेस गिटारवाला परचेसला, कीबोर्डवरची मुलगी डिझाइनला. एकूण आमची वर्शिप टीम म्हणजे कंपनीचाच एक विभाग आहे, फक्त त्याचं उत्पादन ऐकू येतं. माझी जागा बाजूच्या भिंतीपाशी, लॅपटॉपसमोर. गाण्याचे शब्द पडद्यावर टाकायचे, हे माझं काम. ही जागा मला कोणी फार मानाने दिलेली नाही, पण तिच्याइतकी चांगली जागा हॉलमध्ये दुसरी नाही. मंडळीला फक्त टीम दिसते, टीमला फक्त डोळ्यांवर येणारे दिवे दिसतात. कोण गातंय, कोण डुलतंय, कोण मोबाइलमध्ये क्रिकेटचा स्कोअर बघतंय आणि कोण नुसतं उभं आहे, हे सगळं मला दिसतं.

नवऱ्याने कंपनीतून सगळ्यात आधी आणली ती पिवळी चिकटपट्टी. ड्रमभोवती पिवळी चौकट, स्टँडभोवती पिवळी चौकट, आणि गाणाऱ्याने जिथे उभं राहायचं तिथे जमिनीवर पावलांचे दोन ठसे. पवित्र आत्म्याने कोणाला नाचवायचं ठरवलंच, तर पट्टीच्या आत नाचवावं, अशी व्यवस्था. खांबावर एक कागद लावला: वायर कशी गुंडाळावी. बरोबर गुंडाळलेल्या वायरच्या फोटोवर हिरवी खूण, चुकीच्या फोटोवर लाल फुली. चुकीच्या फोटोतला हात पाळकसाहेबांचा आहे हे अंगठीवरून सगळ्यांना कळतं, पण कोणी बोलत नाही.

मग कानातली बुचं आली. टीममधला प्रत्येक जण कानात इअरफोन घट्ट बसवून वाजवतो. त्यात एक रेकॉर्ड केलेला माणूस इंग्रजीत आकडे मोजतो, मागे टकटक ठेका चालू असतो, आणि कोरस आला की तोच माणूस कोरस आला म्हणून सांगतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझा नवरा कोणाचं तरी निमूटपणे ऐकतोय हे मी पहिल्यांदा तेव्हा पाहिलं. ह्या बुचांचा फायदा असा की बाहेरचा गोंगाट आत जात नाही. बाहेरचा गोंगाट म्हणजे आम्ही, मंडळी.

गाण्यांबद्दल मी बोलू नये, कारण ती दर आठवड्याला टाइप करून माझी बोटं दुखतात. एका ओळीवर टीम पोचली की तिथून हलत नाही. डोळे मिटतात, हात वर जातात, आणि तीच ओळ पुन्हा, पुन्हा, आणखी एकदा हळू, मग सगळे मिळून. मी स्लाइड लावून खाली जाऊन चहा पिऊन आलेली आहे, आणि परत आले तेव्हा ओळ तीच होती. एका गाण्यात प्रभूच्या प्रीतीच्या लाटांमध्ये बुडून जाण्याची विनंती आहे. कुरुळीत लाटा कुठून आणायच्या? आम्हाला जवळचं पाणी म्हणजे आळंदीची इंद्रायणी, आणि तिच्यावर जो पांढरा फेस येतो त्यात बुडण्याची प्रार्थना शहाण्या माणसाने करू नये.

धुराचं मशीन एकदाच आलं. ड्रमरने ते लग्नातल्या एका डीजेकडून मागून आणलं होतं. दुसऱ्या गाण्याला ते सुरू केलं आणि खिडकीतून पांढरा धूर रस्त्यावर गेला. मालक बादली घेऊन धावत वर आले. धुरात माझा नवरा डोळे मिटून, हात वर करून उभा होता, आणि त्याच्या कानात बुचं असल्यामुळे त्याला हाका ऐकू जात नव्हत्या. शेवटी मालकांनी त्याच्या खांद्याला हात लावला. "काय पेटलंय?" त्यांनी विचारलं. नवरा म्हणाला, "काही नाही हो, भक्तीचं वातावरण तयार करतोय." मालकांनी बादली खाली ठेवली आणि दम खात म्हणाले, "आमी उदबत्ती लावतो, राव."

हे सगळं मी हसत हसत सहन करत होते. हसणं थांबलं ते सासूबाई आल्यावर.

सासरे गेले आणि नगरकडच्या गावी सासूबाई एकट्या राहिल्या. साखरेचा त्रास, गुडघे गेलेले. एकदा न्हाणीत पडल्या, तर दूधवाला येईपर्यंत तशाच पडून होत्या. तेव्हा मात्र नवरा गाडी घेऊन गेला आणि त्यांना घेऊनच आला. मोशीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये त्यांना वेगळी खोली दिली, गॅलरी दिली, टीव्ही दिला. त्यांनी सगळ्याला "व्हय, बरं हाय" म्हटलं, आणि आल्याच्या आठवड्यात मला सांगून टाकलं, "नाताळ झाला का मी जाते बरं का गावी."

का, तर इथं त्यांचं काही काम नाही. गावच्या चर्चमध्ये त्या झाडलोट करायच्या. पण खरं काम वेगळं होतं. तिथं अजून सतरंजीवर बसून गातात. अमुक गाणं म्हणू या, असं कोणी जाहीर करत नाही. बायकांमधली एक जण आपल्या मनाने गाणं उचलते, आणि दोन शब्द ऐकून बाकीचे तिच्यामागे येतात. पेटीवाला तिचा सूर शोधत मागून येतो. इतकी वर्षं त्या गावात गाणं सासूबाई उचलत होत्या. माझ्या लग्नात मी त्यांना ऐकलं आहे. आवाज गोड म्हणावा असा नाही, जाडसर आहे, खालच्या पट्टीतला, आणि गाताना त्यांच्या गळ्याची एक शीर टरारून फुगते. पण त्यांनी गाणं उचललं की मागे राहायची कोणाची टाप नव्हती.

आमच्या हॉलमध्ये त्या पहिल्या गुरुवारी आल्या, चप्पल बाहेर काढून, डोक्यावर पदर घेऊन. टीमने आवाज लावला तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरली. मोतीबिंदूमुळे पडद्यावरचे माझे शब्द त्यांना दिसत नव्हते. दिसले असते तरी उपयोग नव्हता. माझा नवरा ज्या पट्टीत गातो त्या पट्टीत हॉलमधल्या एकाही बाईला गाता येत नाही, आणि शेवटच्या कोरसला तो आणखी वर चढतो, अंगावर पाल पडल्यासारखा. सासूबाई उभ्या राहिल्या, बाकीच्यांबरोबर ओठ हलवले, आणि बसल्या. गळ्याची शीर जागची हलली नव्हती. पुढच्या गुरुवारीही तेच. त्यानंतरच्याही.

मला त्या जायला नको होत्या, हे सरळ सांगते. त्यांची काळजी होती हे तर आहेच, न्हाणीतलं ते पडणं माझ्या डोक्यातून जात नव्हतं. पण त्याहून खरं म्हणजे त्या घरात आल्यापासून मला बोलायला माणूस मिळालं होतं. संध्याकाळी मी कामावरून आले की त्या भाजी निवडत बसलेल्या असायच्या, तोंडाने काहीतरी पुटपुटत. आतल्या खोलीत नवऱ्याचा सराव चालू असायचा. मला वाटायचं, त्यांची प्रार्थना चालली आहे. मी शेजारी बसले की पुटपुटणं थांबवून त्या मला गल्लीतल्या सगळ्या बातम्या सांगायच्या.

नवऱ्याला मी सांगून पाहिलं.

"पट्टी जरा खाली घे ना. आईंना गाता येत नाही त्यात."

"खाली घेतली की एनर्जी जाते."

"कोणाची?"

"गाण्याची," तो म्हणाला. "आणि आई गाते की. मला स्टेजवरून ओठ हलताना दिसतात."

"ओठ मीही हलवते. आवाज आहे का बघ."

"आवाज कसा कळणार? कानात ट्रॅक असतो." हे त्याने इतक्या शांतपणे सांगितलं की मी कपाळाला हात लावला आणि पोळ्या लाटायला गेले.

टीमच्या सगळ्या गाण्यांमध्ये एक गाणं नवऱ्याचं स्वतःचं होतं. चाकण चौकात कंपनीची बस अडकलेली असताना त्याला ते सुचलं होतं.

तूच माझा आसरा, तूच माझी वाट,
गर्दीमध्ये चालताना सोडू नको हात.
थकल्या पावलांना दे तुझ्या दारी ठाव,
विसरलं जग तरी तुला ठाऊक नाव.

ह्यात मला खोट काढता येत नाही, आणि त्याचा मला थोडा रागच आहे. ते त्याने त्याच्या नेहमीच्या गगनाला भिडलेल्या पट्टीत बसवलं होतं आणि त्याच्यामागे सनई म्हणावी का भोंगा म्हणावा असा एक आवाज रेकॉर्ड करून ट्रॅकवर टाकला होता. दर गुरुवारी ते शेवटी व्हायचं.

नाताळ जवळ आला होता. सासूबाईंनी पलंगाखालची बॅग ओढून बाहेर काढली होती आणि रोज तिच्यात एखादं लुगडं घडी करून ठेवत होत्या. त्या सुमाराच्या एका गुरुवारी, नेमकं ते शेवटचं गाणं सुरू झालं आणि लाईट गेली.

लाईट जाणं नेहमीचंच. त्यासाठी इन्व्हर्टर होता. पण त्या दिवशी इन्व्हर्टरने एकदा किरकिर केली आणि तोही गेला. बॅटरीतलं पाणी आटलं होतं. वायर कशी गुंडाळावी ह्याचा कागद होता, मायक्रोफोन कोणत्या फडक्याने पुसावा ह्याचा कागद होता. बॅटरीत पाणी घालणं मात्र कोणाच्याच कागदावर नव्हतं. ही चूक क्वालिटीची माणसंच करू शकतात.

इलेक्ट्रिक गिटार लाईट गेल्यावर किती केविलवाणी होते हे ज्यांनी ऐकलं नसेल त्यांना सांगून कळणार नाही. माझा नवरा तार छेडत होता आणि डब्यावर रबर ओढल्यासारखं वाजत होतं. मग तो गिटार ठेवून जिन्यापाशी इन्व्हर्टरकडे पळाला, बुचं कानात तशीच. ड्रमर त्याच्यामागे गेला. हॉलमध्ये उरलो आम्ही सगळे, उभे, तोंडं काळ्या पडद्याकडे. इतके महिने हे गाणं दर आठवड्याला म्हणणारी मंडळी, आणि एकालाही दुसरी ओळ माहीत नव्हती. पाळकसाहेबसुद्धा पडद्याकडेच बघत होते. शब्द पाठ करायचे असतात हेच आम्ही विसरलो होतो, कारण शब्द टाकायला मी होते.

तेव्हा सासूबाईंनी गाणं उचललं.

जुनं नाही, गावचं नाही. तेच गाणं. "तूच माझा आसरा, तूच माझी वाट." खालच्या पट्टीत, संथ, मधला तो सगळा भोंगा वगळून. मला आधी वाटलं, एखादी ओळ कानावर पडली असेल म्हणून म्हणत असतील. माझा लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, शब्द माझ्यासमोर होते. मी ओळीमागून ओळ बघत गेले. एक अक्षर चुकलं नाही. घरी भाजी निवडताना ती प्रार्थना चालली नव्हती. मुलाचं गाणं भिंतीपलीकडून ऐकून त्या पाठ करत होत्या, त्याच्याबरोबर म्हणता यावं म्हणून. म्हणता आलं नव्हतं ते पट्टीमुळे.

दुसऱ्यांदा म्हणताना बायका त्यांच्यामागे आल्या. मग पुरुष आले. आमच्या हॉलमध्ये माणसं आहेत आणि त्यांना आवाज आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. टायरच्या दुकानातली ठोकाठोक थांबली. मालक जिना चढून वर येऊन दारात उभे राहिले आणि पखवाज वाजवणाऱ्या माणसाचा हात आपोआप मांडीवर पडायला लागला. सासूबाईंच्या गळ्याची शीर टरारून फुगली होती. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

आणि लाईट आली.

पंखे गरगरले, दिवे भपकन लागले. नवरा ड्रमरला घेऊन जिन्यातून धावत आला, ठशांवर पाय ठेवून उभा राहिला आणि ड्रमरला हाताने खूण केली. ट्रॅक पहिल्यापासून सुरू झाला, पूर्ण आवाजात, भोंग्यासकट. सासूबाई मध्येच थांबल्या. खुर्चीची कड धरून त्या हळूच खाली बसल्या. नवऱ्याने माईक तोंडाशी नेला आणि हसून म्हणाला, "व्यत्ययाबद्दल क्षमस्व."

संध्याकाळी घरी चहा घेताना तो वहीत डोकं घालून बसला होता. एका बिघाडामागचं कारण, मग त्या कारणाचं कारण, अशी उतरंड लावत जाण्याची त्यांच्या कंपनीची पद्धत आहे. मथळ्याला त्याने लिहिलं होतं: डाउनटाइम. उतरंडीच्या तळाशी उपाय लिहून झाला होता, जनरेटर. जुना पण चालू, निघोजेत कोणाकडे तरी आहे, शब्दही देऊन झाला होता.

"त्या डाउनटाइममध्ये काय झालं माहीत आहे का तुला?" मी विचारलं.

मी सांगितलं, सगळं. आवाज चढवला नाही, पण काही हातचंही राखलं नाही. त्याने पेन खाली ठेवलं. वही मिटली, आणि विचारलं, "कुठल्या पट्टीत गायली?" मला त्याला बदडावंसं वाटलं. पण त्याचा चेहरा बघून मी गप्प बसले. एवढंच विचारता येत होतं त्याला.

तो उठून बाहेरच्या खोलीत गेला. सासूबाई मेथी निवडत होत्या.

"आई, ते गाणं म्हण की एकदा. मला ऐकायचंय."

सासूबाईंनी वर पाहिलं नाही. काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला करत त्या म्हणाल्या, "आता कशाला? लाईट हाय की."

पुढच्या गुरुवारी इन्व्हर्टर मोडीत निघाला आणि जनरेटर आला. हॉलच्या बाजूच्या गॅलरीत त्याची जागा पिवळ्या पट्टीने आखून झाली होती. मालक तो बघायला वर आले आणि सगळ्या बाजूंनी त्याच्याकडे बघून म्हणाले, "म्हंजे आता अजिबात थांबायचं न्हाई म्हना." सासूबाई नेहमीच्या खुर्चीत बसल्या होत्या. नाताळ आठवड्यावर आला होता, बॅग भरून झाली होती, आणि गावाकडून त्यांच्या भाच्याची गाडी येणार हेही ठरलं होतं.

शेवटच्या गाण्याला लाईट गेली. नवऱ्याला वाट द्यायला मी लॅपटॉप सोडून उठले, कारण गॅलरीचं दार माझ्या अगदी मागे आहे. तो गॅलरीत गेला. जनरेटरवर निळं कव्हर होतं. त्याने कव्हरवर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. कव्हर त्याने काढलं नाही. आतून ड्रमरने विचारलं, "सर, सुरू होत नाही का?"

"होत नाही," नवरा म्हणाला.

"मी बघू?"

"नको. कोणी हात लावू नका त्याला."

माझा नवरा पार्ट मोजताना केसाएवढा फरक सोडत नाही. त्यासाठी सप्लायरशी झालेली भांडणं घरापर्यंत आलेली आहेत. त्याला असं खोटं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. तो माझ्याकडे न बघता आत गेला, कानातली बुचं काढून खिशात टाकली, मेलेली गिटार गळ्यात घातली आणि ठसे सोडून मंडळीच्या अगदी पुढ्यात येऊन उभा राहिला. आता सासूबाई गाणं उचलतील म्हणून सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्या मात्र हातावर हात ठेवून गप्प बसल्या होत्या. त्यांना कोणी असं बघितलेलं आवडत नाही.

म्हणून त्यालाच सुरू करावं लागलं. सवयीने त्याच वरच्या पट्टीत. "तूच माझा आसरा, तूच माझी वाट, गर्दीमध्ये चालताना सोडू नको हात." आणि थांबला. नजर पडद्याकडे गेली. पडदा काळा. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्यासमोर शब्द होते आणि मी त्याला ते सांगितले नाहीत. स्वतः लिहिलेल्या गाण्याची तिसरी ओळ माझ्या नवऱ्याला येत नव्हती, आणि आता हे सगळ्या मंडळीला कळलं होतं.

"थकल्या पावलांना," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. शाळेतल्या पोराला पाढा चुकल्यावर सांगावं तशा, थोड्या वैतागाने.

"थकल्या पावलांना दे," तो म्हणाला, आणि पुन्हा अडकला.

"तुझ्या दारी ठाव. आन् वर नको चढू एवढा. खाली ये, इथं." आणि कुठं ते दाखवायला त्यांनी सूर लावला.

तो खाली आला. आधी जरा चाचपडला, कारण त्या पट्टीत त्याचा आवाज कधी गेलेलाच नव्हता. मग सापडला. सासूबाई पुढे, तो मागे, गावचा पेटीवाला यायचा तसा, आणि त्याच्यामागे आम्ही सगळे. दारात मालक होते. शेवटची ओळ किती वेळा झाली मला माहीत नाही, आणि त्या दिवशी मला चहाला जावंसं वाटलं नाही.

निघताना मी गॅलरीचं दार लावायला गेले. जनरेटरच्या कव्हरवर कंपनीतलं लाल लेबल लोंबत होतं, बिघडलेल्या मशीनला लावतात ते. कारणाचा रकाना कोरा होता. खाली माझ्या नवऱ्याची सही मात्र होती.

आम्ही गाडीतून मोशीकडे निघालो. स्पाइन रोडच्या सिग्नलला सासूबाईंनी मागून विचारलं, "ते मशीन बिघडलंय म्हनं."

"हो," नवरा म्हणाला.

"नीट व्हाया किती दिस लागत्याल?"

नवऱ्याने आरशातून मागे पाहिलं. "पार्ट मिळत नाही, आई, त्याचा."

सासूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "मग तवर ऱ्हाते मी," त्या म्हणाल्या.